एक पब्लिक आयपी आणि आत तीन वेब सर्व्हर: फायरवॉलवर नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकला अंबड एमआयडीसीत छोटी कंपनी, एकच स्टॅटिक पब्लिक आयपी, फायरवॉल म्हणून पीएफसेन्स, आणि आत तीन सर्व्हर. एकावर कंपनीची वेबसाईट, दुसऱ्यावर ईआरपी म्हणजे कंपनीचे हिशेब-व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर, तिसऱ्यावर नेक्स्टक्लाउड म्हणजे फाईली ठेवायची आणि वाटायची जागा. ४४३ पोर्ट (एचटीटीपीएसचा) वेबसाईटला फॉरवर्ड केला, म्हणजे त्यावर येणारं सगळं तिच्या सर्व्हरकडे वळवलं, की बाकीचे दोन बाहेरून उघडत नाहीत, त्याच पोर्टचा दुसरा नियम टाकला तरी वरचाच लागू होतो. तिघांची सबडोमेन वेगळी आहेत, तर नावाप्रमाणे ट्रॅफिक त्या त्या सर्व्हरला कसा पाठवायचा?

आधी हे सांगते की पोर्ट फॉरवर्डचे नियम वरखाली करून हे होणार नाही, त्यात वेळ घालवू नका. ब्राउझरने ईआरपीचं नाव टाकलं की आधी डीएनएस त्याचा आयपी काढतं, आणि तुमच्याकडे तिन्ही नावांचा आयपी एकच आहे. मग जे पहिलं पॅकेट तुमच्या फायरवॉलवर येतं त्यात चारच कामाच्या गोष्टी असतात, पाठवणाऱ्याचा आयपी आणि पोर्ट, तुमचा आयपी आणि पोर्ट ४४३. नाव कुठेच नाही. आणि फायरवॉलला निर्णय त्याच पॅकेटवर घ्यावा लागतो, तो एकदा घेतला की स्टेट टेबलमध्ये म्हणजे चालू कनेक्शनच्या यादीत नोंद होते आणि त्या कनेक्शनची पुढची सगळी पॅकेटं त्याच सर्व्हरकडे जातात. नाव येतं ते टीसीपीचा हँडशेक, म्हणजे कनेक्शन जोडायची सुरुवातीची देवाणघेवाण, पूर्ण झाल्यावर. पाकिटावर फक्त सोसायटीचा पत्ता आणि फ्लॅट नंबर आतल्या चिठ्ठीत, असं आहे हे, आणि पोर्ट फॉरवर्ड पाकीट उघडत नाही.

म्हणून उपाय एकच दिशेने जातो: ८० (साध्या एचटीटीपीचा) आणि ४४३ दोन्ही पोर्ट एकाच ठिकाणी न्यायचे, तिथे असं काहीतरी बसवायचं जे आतली चिठ्ठी वाचू शकतं, आणि पुढची वाटणी त्याने करायची. यालाच रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. एनजिनएक्स, एचएप्रॉक्सी, कॅडी, ट्रेफिक, कुठलंही घ्या, तत्त्व तेच.

नाव दोन जागी सापडतं. साध्या एचटीटीपीमध्ये होस्ट नावाच्या हेडरमध्ये. १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये तो हेडर सक्तीचा नव्हता, जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या १.१ ने सक्तीचा केला, म्हणून एका आयपीवर कितीही साईट ठेवता येतात. पण एचटीटीपीएसमध्ये अडचण अशी होती की साईटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट आधी दाखवावं लागतं आणि होस्ट हेडर नंतर, एन्क्रिप्ट होऊन येतो, मग सर्व्हरला कळणार कसं कुठलं सर्टिफिकेट दाखवायचं? त्यासाठी २००३ मध्ये एसएनआय आलं, म्हणजे टीएलएसच्या (एचटीटीपीएसमधलं एन्क्रिप्शन करणारा प्रोटोकॉल) अगदी पहिल्या मेसेजमध्ये, क्लायंट हेलोमध्ये, ब्राउझर उघडपणे नाव सांगतो. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला एसएनआय येत नव्हतं, त्यामुळे कितीतरी वर्षं प्रत्येक एचटीटीपीएस साईटला वेगळा आयपी घ्यावा लागायचा. आता तो प्रश्न उरलेला नाही.

अजून दोन मार्ग लोक सुचवतात, तेही सांगून टाकते. एक म्हणजे वेगळा पोर्ट, ईआरपी ८४४३ वर, नेक्स्टक्लाउड ९४४३ वर. चालतं, पण तुमच्या ग्राहकाच्या ऑफिसातून किंवा हॉटेलच्या वायफायवरून असे पोर्ट बऱ्याचदा बंद असतात आणि मग तुम्हाला फोन येतात की साईट बंद आहे. दुसरं म्हणजे आयएसपीकडून (इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून) आयपीचा छोटा ब्लॉक घेणं आणि प्रत्येक सर्व्हरला एक आयपी. पैसे द्यायची तयारी असेल तर यात चूक काही नाही, पण चौथा सर्व्हर आला की परत तेच, आणि तीन मशीन थेट इंटरनेटला तोंड देत उभ्या राहतात, म्हणजे तीन ठिकाणी सर्टिफिकेट, तीन ठिकाणी टीएलएसची सेटिंग, तीन ठिकाणी लॉग. मला एक दार बरं वाटतं.

आता प्रॉक्सी कुठे बसवायचा. पीएफसेन्सवर एचएप्रॉक्सीचं पॅकेज आहे, ते टाकून फायरवॉलवरच काम भागतं आणि लहान ऑफिसात बरेच जण तेच करतात. माझं मत वेगळं आहे. फायरवॉल ही तुमच्याकडची सगळ्यात जपायची पेटी, तिच्यावर जगभरातून येणाऱ्या रिक्वेस्ट उघडून वाचण्याचं काम लावू नये, कारण उद्या त्या प्रॉक्सीत एखादी त्रुटी सापडली तर हल्लेखोर थेट फायरवॉलवर पोचतो. एक छोटी व्हर्च्युअल मशीन घ्या, एक जीबी रॅमचीही चालेल, तिला डीएमझेडमध्ये म्हणजे लॅनपासून (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपासून) वेगळ्या व्हीलॅनमध्ये, नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात, ठेवा, आणि नियम असे लिहा की बाहेरून फक्त ८० आणि ४४३ त्या मशीनकडे, त्या मशीनकडून तिन्ही सर्व्हरच्या फक्त ठरलेल्या पोर्टकडे, आणि तिथून लॅनमध्ये बाकी कुठेही जायला बंदी. ही शेवटची बंदी लोक विसरतात आणि मग डीएमझेड नावापुरताच राहतो.

तरी फायरवॉलवरच करायचं ठरवलंत तर तीन गोष्टी आधी करा. पीएफसेन्सचं स्वतःचं वेब पॅनेल ४४३ वर ऐकत असतं, ते दुसऱ्या पोर्टवर न्या. ८० वरून पॅनेलकडे नेणारं रीडायरेक्ट बंद करा, त्याचा टिकमार्क सिस्टीमच्या अॅडव्हान्स्ड पानावर आहे. आणि जुना पोर्ट फॉरवर्ड काढा, कारण नॅटचा (पत्ता बदलून पॅकेट वळवण्याचा, पोर्ट फॉरवर्ड त्यातलाच) नियम आधी लागतो, तो असेपर्यंत एचएप्रॉक्सीपर्यंत काही पोचतच नाही आणि माणूस तासन्‌तास एचएप्रॉक्सीचं कॉन्फिग चाळत बसतो. पोर्ट फॉरवर्डऐवजी वॅनवर (फायरवॉलच्या इंटरनेटकडच्या बाजूवर) साधा परवानगीचा नियम लागेल, डेस्टिनेशन वॅनचा पत्ता.

एनजिनएक्स घेतलंत तर प्रत्येक नावाला एक सर्व्हर ब्लॉक, त्यात सर्व्हर नेम (कुठल्या नावासाठी) आणि प्रॉक्सी पास (मागच्या कुठल्या सर्व्हरकडे), एवढंच मूळ. पण त्याआधी डिफॉल्ट ब्लॉक लिहा. कुठल्याच नावाशी जुळली नाही अशी रिक्वेस्ट एनजिनएक्स सोडून देत नाही, ती त्या पोर्टच्या पहिल्या ब्लॉकला देतो, आणि फाईली वेगवेगळ्या असतील तर पहिला कोण ते फाईलच्या नावाच्या क्रमावर ठरतं. म्हणजे ईआरपीची फाईल वर्णानुक्रमे आधी आली तर नुसत्या आयपीवर येणाऱ्या प्रत्येक स्कॅनरला तुमच्या ईआरपीचं लॉगिन पान दिसणार. डिफॉल्ट ब्लॉकमध्ये ८० साठी रिटर्न ४४४ टाका, तो काही उत्तर न देता कनेक्शन तोडतो, आणि ४४३ साठी हँडशेकच नाकारायची सेटिंग आहे, एसएसएल रिजेक्ट हँडशेक, आवृत्ती १.१९.४ पासून.

यानंतर हेडर, आणि निम्म्याहून जास्त तक्रारी इथल्याच असतात. एनजिनएक्स मागच्या सर्व्हरला मूळ होस्ट पाठवत नाही, प्रॉक्सी पासमध्ये जे लिहिलंय ते पाठवतो, म्हणजे तुमचा १९२.१६८ वाला पत्ता. मग ईआरपी आपल्या लिंक त्याच पत्त्याच्या बनवतं आणि बाहेरच्या माणसाचा पहिला क्लिक अडकतो, आणि नेक्स्टक्लाउड तर सरळ सांगतं की या डोमेनवर विश्वास नाही. होस्ट हेडर मूळचा तसाच पुढे द्या. दुसरा, एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो. प्रॉक्सीने टीएलएस उघडून पुढे साधं एचटीटीपी पाठवलं तर मागच्या अॅपला वाटतं माणूस एचटीटीपीवरूनच आलाय, ते एचटीटीपीएसकडे रीडायरेक्ट करतं, ब्राउझर परत येतो, अॅप परत पाठवतं, आणि शेवटी ब्राउझर म्हणतो फार वेळा रीडायरेक्ट झालं. नेक्स्टक्लाउडच्या कॉन्फिगमध्ये ट्रस्टेड डोमेन्स, ट्रस्टेड प्रॉक्सीज आणि ओव्हरराईट प्रोटोकॉल या तिन्ही ओळी भरा.

तिसरा, एक्स-फॉरवर्डेड-फॉर, यात खऱ्या माणसाचा आयपी जातो. तो नाही दिला तर मागच्या सगळ्या लॉगमध्ये एकच आयपी दिसतो, प्रॉक्सीचा. नुसत्या लॉगचा प्रश्न असता तर ठीक होतं, पण नेक्स्टक्लाउड चुकीचे पासवर्ड येणाऱ्या आयपीला मुद्दाम हळू करतं, आणि सगळे एकाच आयपीवरून येताना दिसले की बाहेरच्या एका बॉटच्या उपद्व्यापाने तुमच्या सगळ्या स्टाफचं लॉगिन रेंगाळतं. उलट बाजूही बघा, हा हेडर कोणीही स्वतः बनवून पाठवू शकतो. इंटरनेटवर मिळणाऱ्या कॉन्फिगमध्ये बहुतेक आलेल्या हेडरला पुढे जोडायचा व्हेरिएबल असतो. तुमचा प्रॉक्सी सगळ्यात बाहेरचा आहे, त्यामुळे जोडू नका, आलेला फेकून देऊन कनेक्शनचा खरा आयपी लिहा, आणि मागच्या सर्व्हरला सांगा की हा हेडर फक्त प्रॉक्सीच्या आयपीकडून आला तरच मान.

दोन मर्यादाही वाढवून ठेवा. एनजिनएक्समध्ये अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते, नेक्स्टक्लाउडवर कोणी मोबाईलचा फोटो चढवला की ४१३ (फाईल फार मोठी) येणार. आणि मागच्या सर्व्हरची वाट बघायची वेळ ६० सेकंद, ईआरपीचा मार्चअखेरचा मोठा रिपोर्ट त्याहून जास्त चालला तर ५०४ (वेळेत उत्तर नाही). दोन्ही त्या त्या ब्लॉकपुरतंच वाढवा, सगळीकडे नको.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर सगळी प्रॉक्सीवर ठेवा आणि लेट्स एनक्रिप्टने (ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) आपोआप नूतनीकरण लावा. त्यांची ९० दिवसांची असतात, आणि तसंही सगळ्याच सर्टिफिकेटची मुदत कमी होत चाललीय, ब्राउझर आणि सर्टिफिकेट कंपन्यांच्या मंचाने २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवस राहणार आहे, म्हणजे वर्षातून एकदा हाताने फाईल बदलायची सवय आता सोडावी लागेल. डोमेन तुमचंच आहे ना याची त्यांची तपासणी ८० पोर्टवरून होते म्हणून ८० बंद करू नका, तिथे फक्त तपासणीचा मार्ग आणि बाकी सगळं एचटीटीपीएसकडे. आणि फायरवॉलवर भारताबाहेरचा ट्रॅफिक अडवायचं सेटिंग असेल तर नूतनीकरण पडेल, कारण लेट्स एनक्रिप्ट जगातल्या अनेक ठिकाणांहून तपासून बघतं आणि त्या ठिकाणांचे पत्ते जाहीर करत नाही. असं असेल तर डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड टाकून तपासणीचा मार्ग घ्या, वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनना चालणारं एकच सर्टिफिकेट) हवं असेल तरी तोच लागतो.

काही जण म्हणतात प्रॉक्सीवर टीएलएस उघडायचंच नाही, फक्त एसएनआय वाचायचं आणि एन्क्रिप्ट केलेलं जसंच्या तसं मागे ढकलायचं. होतं तसंही, एनजिनएक्सच्या स्ट्रीम मॉड्यूलमध्ये प्रीरीड आहे, एचएप्रॉक्सी टीसीपी मोडमध्ये करतो. एखाद्या सर्व्हरची प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) बाहेर काढायचीच नाही असा नियम असेल तर हेच करावं लागतं. पण यात हेडर लावता येत नाहीत कारण आतलं दिसतच नाही, खरा आयपी पोचवायला प्रॉक्सी प्रोटोकॉल (कनेक्शनच्या सुरुवातीलाच मूळ आयपी सांगायची पद्धत) लावावा लागतो आणि तो दोन्ही टोकांना एकदमच चालू करावा लागतो, एका टोकाला राहिला की सरळ टीएलएसची एरर.

शिवाय एक प्रकार असा आहे की ज्याने भलेभले चक्रावतात. समजा तिन्ही सर्व्हरवर एकच वाइल्डकार्ड सर्टिफिकेट आहे आणि एचटीटीपी २ चालू आहे. माणसाने आधी ईआरपी उघडलं, मग दुसऱ्या टॅबमध्ये नेक्स्टक्लाउड. ब्राउझर बघतो की दोन्हीचा आयपी एकच, आणि ईआरपीच्या कनेक्शनवर मिळालेलं सर्टिफिकेट नेक्स्टक्लाउडच्या नावालाही चालतं, तर नवीन कनेक्शन कशाला, आहे त्याच्यावरूनच रिक्वेस्ट पाठवतो. आता हे कनेक्शन आधीच ईआरपीला जोडलेलं, प्रॉक्सी परत एसएनआय बघणार नाही, त्यामुळे नेक्स्टक्लाउडची रिक्वेस्ट ईआरपीच्या सर्व्हरवर जाऊन पडते. लक्षण असं की कधी उघडतं, कधी भलतंच पान किंवा ४०४, कधी ४२१ (रिक्वेस्ट चुकीच्या सर्व्हरकडे आली), इनकॉग्निटोत मात्र ठणठणीत, आणि फायरवॉलच्या लॉगमध्ये काहीच वावगं नाही. उपाय म्हणजे प्रत्येक नावाला वेगळं सर्टिफिकेट, किंवा टीएलएस प्रॉक्सीवरच उघडणं. तुमच्या परिस्थितीत मी प्रॉक्सीवरच उघडेन.

आता ऑफिसच्या आतून. बाहेरून सगळं चाललं की लगेच दुसरी तक्रार येते, घरून उघडतंय पण ऑफिसातून नाही. प्रॉक्सी आणि तुमचे पीसी एकाच सबनेटमध्ये असतील तर काय होतं बघा: पीसी १९२.१६८.१.५० पब्लिक आयपीकडे पॅकेट पाठवतो, फायरवॉल ते वळवून १९२.१६८.१.१० च्या प्रॉक्सीला देतो, प्रॉक्सी बघतो की पाठवणारा तर शेजारचाच, म्हणून फायरवॉलला न विचारता थेट पीसीला उत्तर देतो, आणि पीसी म्हणतो मी तर पब्लिक आयपीशी बोलत होतो, हा १.१० कोण, आणि उत्तर टाकून देतो. प्रॉक्सी वेगळ्या व्हीलॅनमध्ये असला की उत्तर फायरवॉलवरूनच परत जातं आणि हे टळतं, फक्त पोर्ट फॉरवर्डचं नॅट रिफ्लेक्शन (आतून पब्लिक आयपीकडे गेलेलंही वळवणं) चालू असावं लागतं. त्याहून स्वच्छ मार्ग म्हणजे आतल्या डीएनएसमध्ये तिन्ही नावांना आतला पत्ता द्यायचा, पीएफसेन्सच्या डीएनएस रिझॉल्व्हरमध्ये होस्ट ओव्हरराईड आहे. पण पत्ता प्रॉक्सीचा द्या, त्या त्या सर्व्हरचा नाही, नाहीतर आत सर्टिफिकेट वेगळं, बाहेर वेगळं, असा घोळ होतो. आणि ज्यांच्या ब्राउझरमध्ये किंवा फोनमध्ये एन्क्रिप्टेड डीएनएस चालू आहे ते तुमच्या डीएनएसला विचारतच नाहीत, तेव्हा एकाच माणसाचं अडत असेल तर आधी ते बघा.

ईआरपीबद्दल मात्र मनापासून सांगते, ते इंटरनेटवर ठेवायची खरंच गरज आहे का हे मालकाला एकदा विचारा. प्रॉक्सी वाटणी करतो, अॅपमधली भोकं बुजवत नाही, ईआरपीत एसक्यूएल इंजेक्शनची त्रुटी (रिक्वेस्टमधून डेटाबेसला हुकूम घुसवता येणं) असेल तर ती रिक्वेस्ट प्रॉक्सीतून नीट, एन्क्रिप्ट होऊन पोचते. नाव कोणाला माहीत नाही या भरवशावर राहू नका, सर्टिफिकेट निघालं की ते नाव सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक लॉगमध्ये छापलं जातं आणि त्यावर लक्ष ठेवणारे बॉट लगेच ठोठवायला येतात. वेबसाईट सगळ्यांसाठी आहे, नेक्स्टक्लाउड ग्राहकांना फाईली द्यायला लागतं, पण ईआरपी वापरणारी माणसं तुमचीच आणि मोजकी. त्यांना वायरगार्डचं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा एन्क्रिप्टेड रस्ता) द्या, आणि ईआरपीचा ब्लॉक फक्त लॅन आणि व्हीपीएनच्या रेंजला उघडा ठेवा. पगार, जीएसटी, ग्राहकांचे दर सगळं त्यात असतं हो.

तपासताना ऑफिसच्या वायफायवरून तपासू नका, मोबाईल डेटावर जा. आणि एरर वाचा, ती सांगते कुठे अडलंय. नुसतं टाइमआउट होत असेल तर पॅकेट प्रॉक्सीपर्यंत आलंच नाही, फायरवॉलचा नियम बघा, किंवा आयएसपीचा मोडेम राउटर मोडमध्ये राहून स्वतःच नॅट करत असेल, पीएफसेन्सच्या वॅनवर खरा पब्लिक आयपी दिसतोय का ते बघा. कनेक्शन नाकारलं असं आलं तर बहुतेक पॅकेट पोचलं पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. भलतंच सर्टिफिकेट आलं तर सर्व्हर नेम जुळलेलं नाही. ५०२ आलं तर प्रॉक्सीपर्यंत सगळं बरोबर, मागचा सर्व्हर बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय, आणि ५०४ आलं तर मागचा सर्व्हर उत्तरच देत नाहीये, बऱ्याचदा डीएमझेडमधून आत जायचा नियम राहिलेला असतो. तेवढ्याने नाही कळलं तर प्रॉक्सीवर टीसीपीडम्प लावून बघा, पॅकेट येतंय की नाही हे तो डोळ्यांसमोर दाखवतो.

बदल करायच्या आधी, वेबसाईट चालू असतानाच, प्रॉक्सी पूर्ण तपासून घेता येतो. आपल्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाईलमध्ये (नावांचे पत्ते हाताने लिहायची फाईल) तिन्ही नावांना प्रॉक्सीचा आतला पत्ता लिहा आणि ब्राउझरमध्ये उघडा, बाहेरच्या जगाला पत्ताही लागत नाही. सर्टिफिकेट त्याआधी हवं असेल तर टीएक्सटी रेकॉर्डचाच मार्ग, कारण ८० अजून जुन्या सर्व्हरकडे आहे. सगळं नीट दिसलं की कमी गर्दीच्या वेळी, रविवारी सकाळी वगैरे, पोर्ट फॉरवर्डचा टार्गेट वेबसाईटच्या सर्व्हरवरून प्रॉक्सीवर न्या. डीएनएसला हात लावायचा नाही, पब्लिक आयपी तोच आहे, त्यामुळे परत फिरायचं झालं तरी एका मिनिटाचं काम. त्यासाठी नवा नियम वेगळा बनवा, जुना डिलीट न करता बंद करून ठेवा, आणि बदल केल्यावर त्या पोर्टची जुनी स्टेट साफ करा, नाहीतर आधीपासून जोडलेली कनेक्शनं जुन्याच सर्व्हरकडे जात राहतात आणि तुम्हाला वाटतं नियम लागलाच नाही.